तेवीस मिनिटं हिरवी

वर्टीकर साहेबांच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणाचंही लक्ष नसायचं, आणि लक्ष द्यावं असं वर्टीकर साहेब काही बोलतही नसत. वर्षानुवर्षं हा कारभार सुरळीत चालला होता. ते बोलायचे, आम्ही माना डोलवायचो, चहा यायचा आणि सगळे आपापल्या कामाला लागायचे. मग कानोसा आला आणि सगळा विचका झाला.

मी मंदाकिनी खैरनार. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. 'होते' का म्हणतेय ते पुढे येईलच. घरी मागच्या बाल्कनीला काचा लावून घेतल्यात, तिथं माझं टेबल आहे. त्यावर सोल्डरिंगचं सामान, एक जुना ऑसिलोस्कोप, आणि वायरी, कपॅसिटर, रेझिस्टर यांचे चाळीसएक डबे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ते टेबल बघून म्हणतात, "भाऊजींना छंद दिसतोय." मी हो म्हणते. त्यांना समजावत बसायला मला वेळ नाही.

कानोसा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तो कानात घालून मिरवणाऱ्या निम्म्या लोकांनाही ते ठाऊक नाही. आपण एखाद्याचं मन लावून ऐकतो तेव्हा आपल्या मेंदूतले विजेचे बारीक तरंग त्या माणसाच्या आवाजामागून चालायला लागतात. आवाज चढला की तरंग चढतो, आवाज थांबला की उतरतो, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने मागे. खोलीत दोघं बोलत असले तर ज्याच्याकडे लक्ष आहे त्याच्याच मागे तो जातो, दुसरा कितीही घसा फोडेना का. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं. अडचण एवढीच होती, की ते मोजायला डोक्यावर तारांची टोपी घालावी लागायची. मग कानाच्या आतल्या कातडीला टेकणारे तीळभर सेन्सर निघाले आणि टोपी गेली. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. लग्नाच्या हॉलमधल्या गोंगाटात एखाद्या आजोबांना नेमकं कुणाचं ऐकायचंय ते त्यांच्या श्रवणयंत्राला कळावं, आणि त्याने तेवढाच आवाज मोठा करावा. आजोबांचं भलं झालं. तिथंच थांबायला हवं होतं.

पण कुणा दीडशहाण्याने त्याला बाहेरच्या बाजूने दिवा लावला. समोरच्याचं ऐकत असाल तर हिरवा, मन भरकटलं की पिवळा. वर त्याची नोंद बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये: कुणाचा आवाज, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती टक्के लक्ष. शब्द तेवढे साठवत नाही, त्याला कायद्याने मनाई आहे. म्हणजे तुम्ही काय ऐकलंत ते कुठेच राहत नाही, ऐकलंत एवढंच राहतं. लोकांना तेवढंच हवं होतं.

दोन वर्षांत सगळं गाव हिरवं-पिवळं झालं. टीव्हीवर 'मन लावून' नावाचा कार्यक्रम निघाला. दोन नट समोरासमोर बसून एकमेकांचं कौतुक करणार, आणि आपण घरी बसून कुणाचा दिवा कधी पिवळा होतो त्याच्यावर डोळा ठेवणार. एका मालिकेची नायिका, नायक आपल्या आईच्या आठवणी सांगत असताना सलग चार मिनिटं पिवळी राहिली. लोकांनी तिच्या नावाने असा शिमगा केला, की महिन्याभरात मालिकेत तिला अपघात होऊन ती कोमात गेली. वधू-वरांच्या जाहिरातीत यायला लागलं, 'मुलगी पदवीधर, मनमिळाऊ, सरासरी एक्क्याऐंशी टक्के हिरवी.' निवडणुकीच्या सभांना पूर्वी नुसती गर्दी आणायचे, आता ऐकणारी गर्दी आणायला लागले. बँका, कोर्टं, हॉस्पिटलं, सगळ्यांनी सहीपेक्षा कानोशाची नोंद खरी धरली. धोके सांगितले, समोरचा हिरवा होता, संपलं. नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची सोय नाही.

आमच्या कंपनीने तर दिवसभराची सरासरी थेट बढतीशी जोडली. वर्टीकर साहेब बोलायला उभे राहिले की आम्ही अठरा जण पिवळे. बिचारे आणखी जोरात बोलायचे, आम्ही आणखी पिवळे व्हायचो. मग सगळ्यांना लक्ष देण्याचं प्रशिक्षण. तिथं शिकवायला आलेली बाई इतकी कंटाळवाणी, की त्या तासात मी अकरा टक्क्यांवर गेले. कंपनीतला तो नीचांक होता.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कानोसा उघडला. आत बघितलं आणि हसायलाच आलं. एवढा गवगवा, आणि दाराला साधी कडी नाही! हे यंत्र समोरच्याचा आवाज आणि कानातून मिळणारा तरंग ताडून बघतं. तरंग मेंदूतूनच आलाय की आणखी कुठून, ते त्याला कळत नाही. मग तरंगच बनवून दिला तर? माइक समोरच्याचा आवाज घेणार. एक डायोड नि एक कपॅसिटर त्यातून नुसते चढउतार वेगळे काढणार, शाळेतली पोरं साधा रेडिओ बनवतात त्यात करतात अगदी तेच. एक चिप त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा मागे ढकलणार, आणि दोन रेझिस्टर त्याला मेंदूच्या तरंगाइतका बारीक करून सेन्सरवर सोडणार. कातडी टेकलीय असं भासवायला आणखी एक रेझिस्टर. सगळं सामान घरच्या डब्यांत निघालं. शनिवारी करायला घेतलं, दुपारपर्यंत झालं.

रविवारी सकाळी गोविलकरांच्या गच्चीवरच्या खोलीत आमचं हौशी टोळकं जमतं, तिथं नेऊन दाखवलं. या टोळक्यात कुणी सहा वर्षं ड्रोन बनवतोय, कुणी आठ वर्षं घड्याळ. पुरं कुणाचंच होत नाही, कारण पुरं झालं तर रविवारी घरी थांबून भाजी निवडावी लागेल. गोविलकर टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर झालेले, त्यातल्या त्यात शहाणे. त्यांनी भिंग लावून माझं काम बघितलं.

"झकास. पण बंद करायचं बटण कुठाय?"

"तात्पुरतं आहे हो," मी म्हटलं. "मार्चमधे बढतीची यादी लागली की काढून टाकणार."

आमच्या जमातीची ही खोड कुणालाही चुकलेली नाही. तात्पुरती म्हणून जोडलेली तार दहा वर्षं तशीच लोंबकळते. बटण बसवायचं ते पुढच्या रविवारी, आणि पुढचा रविवार कधी येत नाही. मार्च आला आणि गेला. माझी सरासरी सत्त्याण्णव झाली, बढती मिळाली, वर्टीकर साहेब माझ्याकडे बघून बोलायला लागले. बटण काही लागलं नाही.

आता आमचे हे. दिगंबर खैरनार, भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणीवाला. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, मनातल्या मनात एकेरी, आणि इथं मनातलंच लिहितेय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही, त्याबद्दल लोकांनी जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालंय. दिगंबर माणूस निरुपद्रवी. पण बोलायला लागला की मूळ गोष्टीवर यायच्या आधी तीन गावं फिरून येणार. अमक्या गावाला गेलो होतो, तिथं तमका भेटला, तो म्हणजे फलाण्याचा साडू. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी ऐकणं सोडलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हळूहळू तोही 'मीठ दे' आणि 'गॅस आला का' एवढ्यावर आला होता. मला ते सोयीचंच होतं.

दिवाळीच्या आधी एकदा मी कानोसा काढायला विसरले आणि तशीच जेवायला बसले. दिगंबर काहीतरी बोलला. मग मधेच थांबून माझ्या कानाकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "हिरवा आहे."

त्या दिवशी तो पाऊण तास बोलला. आमटी गार झाली. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला, "घरी पण घालत जा ना तो. बरं वाटतं." मी घालायला लागले. खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला बोलायचं होतं, बोलत होता. मला बाल्कनीतल्या टेबलावर जोडायला घेतलेल्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा विचार करायचा होता, करत होते. दोघंही खूश. मधूनमधून 'हं', 'हो का?', 'मग?', आणि विचारलंच काही तर 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा'. या चार गोष्टींवर आठ महिने निघाले. दिगंबर तरतरीत दिसायला लागला, दाढी रोज करायला लागला, एकदा तर माझ्यासाठी गजरा घेऊन आला. मला वाटलं, बघा, एवढंसं सर्किट काय काय करतं! गंमत वाटायची मला त्याची. थोडी कीवही यायची.

*

जूनमध्ये एका बुधवारी दुपारी कंपनीत फोन आला. हॉस्पिटलमधली मुलगी बोलत होती.

"मिसेस खैरनार ना? दिगंबर खैरनारांच्या फाइलबद्दल बोलायचं होतं. ऑपरेशनची शुक्रवारची तारीख आम्ही रद्द करतोय. नकाराच्या अर्जाला तुमची ऐकल्याची नोंद जोडलेली आहे. एकदा फोनवर खात्री केली की झालं."

"कसलं ऑपरेशन?" मी विचारलं.

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, गेल्या मंगळवारी त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलंय. आठ दहा ते आठ तेहेतीस. तेवीस मिनिटं, अठ्ठ्याण्णव टक्के."

"ते असू दे. कसलं ऑपरेशन, ते सांग."

"मॅडम, तुम्ही ऐकलंय," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात संशय होता.

"बाळ, मी पुन्हा ऐकते. तू सांग."

मग तिने सांगितलं. दिगंबरच्या पोटातली मुख्य धमनी एका जागी फुगली होती. साडेसहा सेंटिमीटर. पित्ताचा त्रास होतो म्हणून सोनोग्राफी केली, त्यात दिसलं. ती फुगलेली जागा कधीही फुटू शकते, आणि फुटली तर माणूस बहुतेक वेळा हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही. मांडीतून नळी घालून भागण्यासारखं नव्हतं, पोट उघडावं लागणार होतं. त्यात धोका होता, पण न करण्यापेक्षा पुष्कळ कमी. पेशंटने नकार दिला होता. 'पत्नीशी बोलून ठरवलं आहे' असं त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मी फोन ठेवला. हातातला मीटर तपासायचा राहिला होता, तो मी सवयीने तपासून शिक्का मारला. मग फोनमध्ये मंगळवारची नोंद उघडली. आठ दहा ते आठ तेहेतीस, आवाज दिगंबर खैरनार, अठ्ठ्याण्णव टक्के.

मंगळवारी त्या वेळी मी काय करत होते ते मला स्वच्छ आठवत होतं. माझ्या अॅम्प्लिफायरमधून महिनाभर एक बारीक गुणगुण येत होती. काही केल्या जाईना. मंगळवारी जेवताना एकदम डोक्यात आलं, अर्थिंगची तार दोन ठिकाणी जोडलीय, म्हणून! इतका आनंद झाला मला, की मी हसले. भाताचा घास हातात होता आणि समोर दिगंबर बोलत होता, आणि मी हसले.

मी बाहेर येऊन घरी जायला रिक्षा पकडली. मी आयुष्यभर या शहरातल्या समस्त लोकांना मूर्ख समजत आले. पण त्या बापड्यांच्या पिवळ्या दिव्यामुळे निदान समोरच्याला कळत तरी होतं. माझ्याइतकं नीच काम त्यांच्यातल्या एकानेही केलं नव्हतं.

*

दिगंबर घरीच होता. बुधवार त्याच्या शर्टांचा. रजा असली की दुपारी टेबलावर चादर अंथरून आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करतो.

"अहो, ऑपरेशन करायचंय," मी चपला न काढताच म्हटलं.

त्याने वर बघितलं. "फोन आला वाटतं त्यांचा."

"हो. मी विचार बदललाय. शुक्रवारची तारीख ठेवायची."

"का? मी सांगितलं त्यातलं काय पटलं नाही तुला?"

मला काय सांगितलं होतं तेच माहीत नव्हतं, तर पटणार काय आणि न पटणार काय! मी म्हटलं, "सगळंच. पुन्हा विचार केला मी."

दिगंबरने इस्त्री उभी केली. शांतपणे बोलायला लागला, मोजणीला आलेल्या भावाभावांना समजावतो तसा. "मंदा, मी तुला दोष देत नाहीये. मी सगळं पुढ्यात मांडलं. मला ऑपरेशनच्या टेबलावर जायची भीती वाटते ते सांगितलं. मग विचारलं, मी ही जोखीम घ्यावी असं तुला वाटतं का? का आहेत तेवढे दिवस असेच घालवू, रोज संध्याकाळी बसतो तसे? तू म्हणालीस, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि हसलीस. इतकं छान हसलीस! दिवा हिरवागार. मला वाटलं, हिला कळलंय सगळं, आणि हिचं मन तयार आहे. आता फोन आल्यावर घाबरून बोलतेस, ते मी कसं धरू? तेव्हाचं खरं होतं, आत्ताची नुसती भीती आहे."

"आत्ताचंच खरं आहे हो."

"तेव्हाची नोंद आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा इस्त्री उचलली.

मी दारात उभी. मला दोन्ही दिसत होतं. गप्प राहिले तर हा माणूस कुठल्यातरी शेताच्या बांधावर मोजणी करता करता कोसळणार, पण बायकोने आपलं सगळं ऐकलं या समाधानात. बोलले तर कदाचित जगेल, पण त्याचे ते आठ महिने मी त्याच्या हातातून काढून घेणार. दिवाळीनंतर एकदा तो शेजारच्या निकुंभांना जिन्यात सांगत होता, माझं लग्न पंचवीस वर्षांनी लागलं असं वाटतंय. तेही मी चुकून ऐकलं होतं, कारण तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी कानोसा काढला, त्याने इस्त्री करून हँगरला लावलेल्या निळ्या शर्टाच्या कॉलरला अडकवला, आणि म्हटलं, "बोला काहीतरी."

"हे काय?"

शर्टावरचा दिवा हिरवा झाला.

"बोला अजून," मी म्हटलं.

"काय बोलू? मंदा, हे काय चाललंय?" तो बोलत होता आणि शर्ट ऐकत होता. तो थांबला, पुन्हा बोलला. "एक. दोन. खैरनार दिगंबर तुळशीराम." शर्ट हिरवाच.

मी सगळं सांगितलं. माइक, डायोड, वर्टीकर साहेब, सगळं. अॅम्प्लिफायरच्या गुणगुणीचंही सांगितलं, हसले का तेही. मधे रडू आलं, ते आवरत बसले नाही.

दिगंबरने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग खुर्ची ओढून बसला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मुरकुट्यांच्या बांधाचं?"

"नाही."

"आईच्या पेटीचं? परवाच सांगितलं मी ते."

"नाही ऐकलं."

"अण्णांचं तरी?" त्याचा आवाज बारीक झाला. "अण्णांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मंदा."

"नाही हो," मी म्हटलं. "काहीच नाही ऐकलं."

तो हाताच्या बोटांकडे बघत बसला. म्हणाला, "किती बोललो गं मी!"

मला वाटलं होतं ओरडेल, एखादी वस्तू फेकेल. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शिसारी आली, की माझ्या त्या टेबलाला काडी लावावीशी वाटली. मी म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात. खरंच हवे आहात."

"कशाला?" तो म्हणाला.

मग तो उठला, शर्टावरून कानोसा काढला आणि माझ्या हातात ठेवला. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला एक भाव होता. सव्वीस वर्षांत त्याने मला कधी तुच्छ लेखलं नव्हतं.

"म्हणजे तुझ्या गुणगुणीपायी मी मरायला निघालो होतो," दिगंबर म्हणाला. "छे. असल्या कारणाने नाही मरायचं मला. कर त्यांना फोन."

*

फोनने भागलं नाही. माझी नोंद जोपर्यंत खरी, तोपर्यंत तो नकार विचारपूर्वक दिलेला, आणि असा नकार पेशंटलाही नुसता तोंडी मागे घेता येत नाही. ती खोटी होती असं मला गुरुवारी जाऊन लिहून द्यावं लागलं, कशी खोटी केली त्याच्या आकृतीसकट. ज्याला दाखवलं तो तरुण डॉक्टर आकृतीकडे बघत म्हणाला, "एवढंसंच?" नियमाप्रमाणे एक प्रत कंपनीला गेली.

वर्टीकर साहेबांचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होते. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते कसनुशा आवाजात म्हणाले, "मॅडम, नोकरीचं काय व्हायचं ते वरून होईल. पण मला वाटायचं, तुम्ही एकट्या तरी माझं ऐकता." मी काहीतरी लागट बोलणार होते, ते तोंडातच राहिलं. माफी मागितली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मागितली असेन, आणि ती नोकरी पुढे गेलीच.

तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली. मधल्या पाच दिवसांत दिगंबर माझ्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे. फाइल कुठाय. मी समोर बसून कान टवकारायचे, पण तो जेवण संपवून ताट उचलून न्यायचा. ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीवरून आत नेताना त्याने डोळे मिटून घेतले होते. मी हात धरला तर सोडवला नाही, पण धरलाही नाही.

साडेपाच तास लागले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, धमनी व्यवस्थित झाली, आता शुद्धीवर येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. घशातली श्वासाची नळी काढलेली होती, पण दिगंबर ग्लानीत होता. वळवी नावाच्या सिस्टर होत्या, नंदुरबारकडच्या.

"बोला त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "ओळखीचा आवाज ऐकला की माणूस लवकर जागा होतो."

"काय बोलू?"

"अहो, त्यांना आवडेल ते. एवढ्यात काय गप्पा चालायच्या घरी? काय सांगायचे ते तुम्हाला?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

सिस्टरना वाटलं मी गोंधळलेय. "आठवून बघा ना, ताई. काहीतरी सांगत असतील की!"

"रोज सांगायचे. मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि मग सलाइनची नळी सरळ करायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही.

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं. माझ्याकडे तीनच गोष्टी होत्या, त्याही नुसत्या नावापुरत्या. मी त्याच्या कानाशी वाकले. "अहो, मी मंदा. ते मुरकुटे कोण हो? त्यांच्या बांधाचं काय झालं?" मॉनिटर टिकटिकत होता. "आईंच्या पेटीत काय निघालं? ती पेटी मी पाहिलीय का कधी?" त्याच्या पापण्या हलल्या. "अण्णांचं काय झालं होतं ते सांगा ना मला. सावकाश सांगा. वाटेत तीन गावं लागली तरी चालतील."

दिगंबरने डोळे उघडले. आधी छताकडे, मग माझ्याकडे. ओठ कोरडे पडले होते, ते त्याने जिभेने ओले केले. मी आणखी वाकले.

"तुला नाही सांगणार," तो म्हणाला.

नळीमुळे घसा पार बसला होता, आणि शेजारच्या पलंगावरचं मशीन नेमकं तेव्हाच वाजायला लागलं होतं. तरी मला ते अगदी नीट ऐकू आलं.